पूर्ण जोर लावून फुंका: अपंगत्वाच्या अर्जासाठी फुप्फुसांची तपासणी देताना

बाबांच्या पहिल्या रिपोर्टच्या तळाशी एक शेरा होता: ‘रुग्णाचा प्रयत्न अपुरा. आकडे ग्राह्य धरू नयेत.’ त्या शेऱ्यावर अर्ज परत आला. अठ्ठावीस वर्षं दगडाच्या धुळीत काम केलेला माणूस, बुटाची नाडी बांधायला वाकला तरी धाप लागते, आणि कागद म्हणतो याने प्रयत्नच केला नाही. बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि ती मान्य झाली. मधल्या काळात फुप्फुसं सुधारली नव्हती. तपासणी कशी द्यायची हे आम्हाला कळलं होतं, एवढाच फरक.

सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार), सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), दमा, आयएलडी (फुप्फुसांवर व्रण पडून ती ताठर होण्याचे आजार) किंवा टीबीनंतर आखडलेली फुप्फुसं यांमुळे ज्यांना काम सोडावं लागलं आणि जे आता पेन्शन किंवा भरपाईसाठी अर्ज करताहेत, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. त्यांच्यासोबत जाणाऱ्या घरच्या माणसानेही वाचावं. तपासणीच्या दिवशी निम्मं लक्ष त्यालाच ठेवायचं असतं.

आधी मनातली भीती काढा

पीएफटीच्या, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीच्या, खोलीबाहेर बसलं की कोणीतरी हळूच सांगतं, ‘फार जोरात फुंकू नका, नाहीतर तब्येत ठणठणीत दिसेल.’ बाबांनी हा सल्ला ऐकला होता. त्यांनी मला ते दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री सांगितलं, आणि तोवर मी इतरांनाच दोष देत होते.

हा सल्ला का घातक आहे ते समजून घ्या. यंत्र आकड्यांसोबत प्रत्येक फुंकीचा आलेखही काढतं. पूर्ण जोराची फुंक असेल तर रेघ सरळ वर उसळून टोकदार शिखर करते आणि मग उतरते. हात राखून मारलेल्या फुंकीचं शिखर बोथट, गोलसर येतं. शिवाय अर्धवट जोर तीनदा सारखाच लावणं जवळजवळ अशक्य असतं. अमेरिकन आणि युरोपियन श्वसनतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१९ मध्ये मिळून काढलेल्या मानकांनुसार, मोठ्या माणसाच्या सर्वांत चांगल्या दोन फुंकींत १५० मिलीलीटरहून जास्त फरक नसावा. राखून फुंकणाऱ्याचे आकडे इथेच विस्कटतात.

उलट खरा आजार पूर्ण जोराच्या फुंकीतही लपत नाही. सुरुवातीचा जोर ओसरला की पुढची हवा किती वेगाने बाहेर पडणार हे श्वासनळ्या ठरवतात. नळ्या अरुंद असतील तर तुम्ही कितीही दम लावा, रेघ खोलगट होऊन खालीच येते. फुप्फुसं आखडलेली असतील तर हवा मुळात कमीच भरते. जीव तोडून फुंकूनही आकडा खाली आला, तर तो आकडा कोणी नाकारू शकत नाही.

या यंत्राचा आणि पैशांच्या निर्णयांचा संबंध जुना आहे. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुर्विम्यासाठी माणसांची प्रकृती जोखायला ते वापरता येईल असं त्याने सुचवलं होतं. समोरचा माणूस आपला आकडा वाकवेल ही शंका तपासणाऱ्यांच्या मनात असतेच. ती आपण चांगल्या फुंकीने दूर करायची.

पायरी पहिली: कोणत्या आकड्यावर निर्णय होणार ते विचारा

प्रत्येक योजनेचा निकष वेगळा असतो. काही ठिकाणी अपेक्षित आकड्याच्या, म्हणजे त्याच वय-उंचीच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असलेल्या फुंकीच्या, किती टक्के फुंक येते ते पाहतात. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेच्या नियमांत एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, लिटरमध्ये मोजून वय, लिंग आणि उंचीनुसार ठरवलेल्या तक्त्याशी ताडून पाहतात. कुठे डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी तपासणी) ग्राह्य धरतात, कुठे रक्तातला ऑक्सिजन, कुठे सहा मिनिटं चालण्याची चाचणी.

हे आधी माहीत असायला हवं, कारण प्रत्येक आजार प्रत्येक तपासणीत दिसत नाही. आयएलडीच्या सुरुवातीला किंवा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात साधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकीची तपासणी, जवळपास नॉर्मल येऊ शकते आणि डीएलसीओ मात्र बराच खाली असतो. अशा रुग्णाची नुसती स्पायरोमेट्री करून ‘सौम्य’ असा शिक्का मारला, तर तपासणी चुकीची नव्हती, अपुरी होती. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ‘माझा आजार कोणत्या तपासणीत खरा दिसेल?’ आणि ती तपासणी फाईलमध्ये येईल असं बघा.

दम्याच्या रुग्णांची अडचण आणखी वेगळी. चांगल्या दिवशी त्यांची फुंक चांगलीच येते. तिथे अ‍ॅटॅकचा इतिहास बोलतो. सोशल सिक्युरिटीच्या दम्याच्या निकषात एफईव्ही-वनसोबत १२ महिन्यांत तीनदा हॉस्पिटलमध्ये भरती झाल्याचा पुरावा लागतो. प्रत्येक भरती किमान ४८ तासांची हवी आणि दोन भरतींमध्ये किमान ३० दिवसांचं अंतर हवं. तुमची योजना वेगळी असली तरी डिस्चार्ज कार्ड जपा, आणि त्यावर भरती झाल्याची व सोडल्याची वेळ लिहिली आहे का ते तिथेच तपासा.

पायरी दुसरी: तारीख नीट निवडा

खोकला-ताप चालू असताना तपासणी दिली तर आकडा खराब येईल आणि आपलं काम होईल, असं काहींना वाटतं. होतं उलटच. असा आकडा तात्पुरत्या आजारामुळे आला म्हणून बाजूला ठेवतात. सोशल सिक्युरिटीचे नियम सांगतात की श्वसनाच्या औषधांत बदल केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, किंवा छातीचं इन्फेक्शन वा आजाराचा भडका यावरचे उपचार संपून ३० दिवस झालेले नसताना, रुग्णाची प्रकृती स्थिर मानली जात नाही. हा अंदाज कुठेही उपयोगी पडतो. बोलावणं आलं आणि तुम्ही आजारी असाल तर तारीख बदलून घ्या, पण फोनवर बोलून थांबू नका. लेखी कळवा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि पोच घ्या. नाहीतर ‘गैरहजर’ एवढीच नोंद राहते.

नुकतंच ऑपरेशन झालं असेल, हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा भरली असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर जोराने फुंकणं धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना न विचारता खुर्चीवर बसू नका.

पायरी तिसरी: पंपाचं काय करायचं?

तपासणीआधी पंप (इन्हेलर) घ्यायचा की नाही, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. पंप घेण्याआधीची मूळ फुंक मोजायची असेल तर साधारणपणे सालब्युटामोलसारखा चटकन काम करणारा पंप ४ ते ६ तास थांबवायला सांगतात. दिवसातून दोनदा घ्यायचे लांब पल्ल्याचे पंप २४ तास, आणि एकदाच घ्यायचे काही पंप ३६ ते ४८ तास. पण हा निर्णय घरी बसून घेऊ नका. कोणते औषध किती वेळ थांबवायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. थांबवल्यावर रात्रीतून श्वास कोंडला तर पंप घ्या आणि सकाळी टेक्निशियनला घेतल्याची वेळ सांगा. तशी नोंद होते, तपासणी वाया जात नाही. चालू पंप मात्र सोबत ठेवाच.

आधीची फुंक मोजली की बहुतेक ठिकाणी चार पफ देतात, पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. ‘पंप देऊन माझा आकडा मुद्दाम वाढवला’ अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. राग समजतो, पण उपचार घेतल्यावरही किती नुकसान उरतं, हेच तर त्यांना पाहायचं असतं. सोशल सिक्युरिटीमध्ये पहिला एफईव्ही-वन अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांहून कमी आला तर पंपानंतरची फेरी लागतेच, आणि दोन्हींतला सर्वांत जास्त आकडा धरतात. म्हणून दमलात तरी दुसरी फेरी अर्ध्यावर सोडू नका. ती नसेल तर फाईल अपुरी ठरू शकते.

पायरी चौथी: त्या दिवशी सकाळी

सैल कपडे घाला. पोट, छाती आवळणारं काही नको. पोट तुडुंब भरेल इतकं जेवू नका. किमान तासभर आधी धावपळ आणि धूम्रपान नको. डीएलसीओ असेल तर आदल्या दिवसापासूनच सिगारेट-बिडी बंद ठेवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात असेल तर आकडा चुकतो. जिने चढून धापा टाकत थेट खुर्चीवर बसू नका, आधी दहा-पंधरा मिनिटं टेका. नखांना पॉलिश असेल तर काढा, बोटावरच्या ऑक्सिमीटरला ते आड येतं.

बाथरूमला जाऊन या. जोराने फुंकताना लघवीचे थेंब सुटतात आणि त्या धास्तीने अनेक बायका फुंक आवरून धरतात. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. पॅड लावा आणि मोकळेपणाने फुंका. टेक्निशियनला यात नवीन काही नसतं.

दातांची कवळी घट्ट बसत असेल तर असू द्या, ओठांना आधार मिळतो. सैल असेल तर काढा. बाबांची खालची कवळी सैल होती. पहिल्या वेळी त्यांनी संकोचाने ती तशीच ठेवली, आणि प्रत्येक फुंकीला ओठाच्या कडेने हवा निसटत राहिली.

उंची मोजायला सांगा. ‘किती आहे?’ असं विचारून लिहून घेऊ देऊ नका. चपला-बूट काढून, पाठ भिंतीला लावून मोजलेली उंचीच हवी. अपेक्षित आकडा उंचीवर ठरतो. १६५ सेंटीमीटरऐवजी १७० लिहिले तर अपेक्षित एफईव्ही-वन साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढतो, आणि सगळी टक्केवारी हलते. वयानुसार उंची कमी होते, त्यामुळे तरुणपणीचा आकडा पाठ असला तरी तो सांगू नका. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात फैलावून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजतात. ते झालं नसेल तर आठवण करून द्या.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष फुंक

दुसऱ्या वेळी मी दारातून पाहत होते. बाबा खुर्चीत ताठ बसले, दोन्ही पाय जमिनीवर. कवळी माझ्या रुमालात. नाकाला चिमटा लावला तेव्हा ते दचकले, कारण नाक बंद झालं की धाप लागणाऱ्या माणसाचा जीव घाबरतो. टेक्निशियन ताईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, ‘आजोबा, आधी नुसता चिमटा लावून तोंडाने श्वास घ्या. जमेल.’ मिनिटभराने नळी तोंडात, ओठ गच्च. ‘आता श्वास भरा, भरा, अजून भरा… फुंका!’ आणि मग त्यांचा आवाज चढत गेला: ‘फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून, अजून, अजून!’ बाबांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पडद्यावरची रेघ उसळली आणि लगेच खोल खाली गेली, पण ते फुंकतच राहिले. शेवटी शेवटी काहीच बाहेर येत नाहीये असं वाटतं, तरी हवा थेंबाथेंबाने येतच असते, आणि ती मोजली जाते.

तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, श्वास अगदी काठोकाठ भरा. आत कमी घेतलं तर बाहेर कमीच येणार आणि तो आजार म्हणून गणला जाणार नाही. दोन, सुरुवात एकदम हवी, चाचरत केलेली सुरुवात बाद होते. तीन, ‘थांबा’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. रेघ सपाट व्हावी लागते किंवा १५ सेकंद भरावे लागतात.

पहिल्या सेकंदात ठसका लागला तर ती फुंक धरत नाहीत. ठसका लागणारच असेल तर आधी सांगा, पाणी प्या, दोन फुंकींत विश्रांती मागा. चांगल्या तीन फुंका मिळेपर्यंत आठपर्यंत प्रयत्न करू देतात. चक्कर येते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पुढच्या आधी ते ओसरू द्या. ‘मला दोन मिनिटं द्या’ म्हणण्यात काही कमीपणा नाही. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र तिथेच थांबायचं. आणि थांबलात तर का थांबलात हे रिपोर्टवर लिहायला सांगा. ‘खोकल्याच्या उबळीमुळे पूर्ण करता आली नाही’ आणि ‘प्रयत्न अपुरा’ या दोन शेऱ्यांत अर्जाचं भवितव्य असतं.

डीएलसीओ आणि चालण्याची चाचणी

डीएलसीओमध्ये फुंकायचं नसतं. सगळी हवा सोडून, यंत्रातला गॅस एका दमात पोटभर आत घेऊन १० सेकंद श्वास रोखायचा असतो. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड अगदी नगण्य असतो, त्याला घाबरू नका. घरी घड्याळ लावून दहा सेकंद रोखण्याची सवय केली तर सोपं जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा खाली येतो, म्हणून अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट सोबत न्या.

सहा मिनिटांच्या चाचणीत शर्यत लावायची नाही आणि मुद्दाम रेंगाळायचंही नाही. जितकं जास्त अंतर जमेल तितकं चालायचं. थांबता येतं, भिंतीला टेकता येतं, पण घड्याळ चालूच राहतं. रोज काठी किंवा ऑक्सिजन लागत असेल तर तो घेऊनच जा आणि किती लिटरवर होता याची नोंद करून घ्या. बसल्या जागी ९५ दाखवणारा ऑक्सिजन चालताना ८४ वर येतो, असं आयएलडीच्या रुग्णांत होतं. म्हणून सर्वांत खाली आलेला आकडा लिहिला आहे का ते विचारा. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हेही लक्षात ठेवा. शंका असेल तर धमनीतलं रक्त तपासता येतं. मनगटात सुई जाते, दुखतं, पण तो आकडा पक्का.

रिपोर्ट हातात आला की

नुसत्या निष्कर्षाच्या ओळीवर जाऊ नका. नाव, वय, लिंग, उंची बरोबर आहे का? सगळ्या फुंकींचे आलेख जोडले आहेत का? पंपाआधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही आहेत का? सहकार्याबद्दल काय शेरा आहे? चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागा.

आणखी एक प्रश्न विचारा: अपेक्षित आकडा कोणत्या समीकरणावरून काढला? बरीच वर्षं यंत्रांमध्ये वंशानुसार वेगळे आकडे वापरले जात, आणि गोऱ्या नसलेल्या माणसाची फुप्फुसं मुळातच लहान धरली जात. मग तीच फुंक टक्केवारीत बरी दिसते. समजा अपेक्षित ३ लिटर धरले आणि तुमची फुंक १.६५ लिटर आली, तर ५५ टक्के. अपेक्षित २.७ धरले तर तीच फुंक ६१ टक्के होते. एवढ्या फरकाने माणूस ‘गंभीर’मधून ‘मध्यम’मध्ये सरकू शकतो. वंश न पाहणारी समीकरणं २०२२ मध्ये आली आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये तीच वापरण्याची शिफारस केली. जुन्या यंत्रांत जुनीच समीकरणं असू शकतात.

तुमचा दिवस कागदावर आणा

तपासणी सांगते फुप्फुसांत किती हवा मावते. आंघोळ करून अंग पुसताना पलंगावर बसावं लागतं, हे ती सांगत नाही. म्हणून तारखेपूर्वी किमान महिनाभर वही ठेवा. ‘खूप दम लागतो’ असं लिहू नका. असं लिहा: ‘सकाळी पाण्याची बादली उचलली, दहा पावलांवर ठेवली, श्वास जागेवर यायला सहा मिनिटं लागली.’ रात्री किती वेळा उठलात, पंप किती वेळा घेतला, कोणतं काम घरच्यांनी केलं. बाबांच्या वहीत एक नोंद होती: ‘नातवाला गोष्ट सांगताना मध्येच थांबावं लागलं, त्याने विचारलं पुढे काय झालं.’ दुसऱ्या वेळच्या डॉक्टरांनी ती वाचून दाखवायला सांगितली.

डॉक्टरांच्या पत्रातही निदानापेक्षा मर्यादा हव्यात. सलग किती वेळ उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, धूळ, धूर, उष्णता चालते का, महिन्यात किती दिवस कामावर जाता येणार नाही. कामाचा इतिहास द्या: कोणत्या धुळीत, किती वर्षं, मास्क होता की नव्हता.

अर्ज नाकारला तर

नकाराचं कारण लेखी घ्या आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. कारण ‘प्रयत्न अपुरा’ असेल तर आलेखांची प्रत मागून तुमच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कुठे गळती झाली, कुठे खोकला आला, कुठे फुंक लवकर थांबली, हे त्यांना रेघेवरून वाचता येतं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या आलेखावर पेन ठेवून विचारलं, ‘यांची कवळी सैल आहे का?’ तेवढ्या एका प्रश्नावर त्यांनी फेरतपासणीची शिफारस लिहून दिली, गळतीचा उल्लेख करून. ती अपिलाला जोडली.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये एफईव्ही-वन पहिल्यापेक्षा १८० मिलीलीटरने जास्त आला. बाबा घाबरले, ‘वाढला की गं!’ म्हणाले. पण तळाच्या शेऱ्यात यावेळी लिहिलं होतं: ‘सहकार्य उत्तम. तिन्ही फुंका जुळतात.’ त्याखाली तीव्रतेच्या रकान्यात ‘गंभीर’.